शाळेच्या दारातला परदेश

नोकरीच्या निमित्ताने स्पेन, मेक्सिको, चिलीकडे जाणाऱ्या मराठी घरांपुढे पहिला प्रश्न पगाराचा असतो आणि दुसरा व्हिसाचा. तिसरा प्रश्न आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या मनात असतो आणि तो सहसा कोणी विचारत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जाण्याची गरज नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात ते पिढ्यान्‌पिढ्या मिळत आले आहे.

चंद्रपूरहून ताडोबाकडे निघालेला रस्ता सुमारे तीस किलोमीटरवर मोहर्लीला पोहोचतो. एका अंगाला इरई धरणाचा जलाशय, दुसऱ्या अंगाला साग-बांबूचे रान आणि मधे व्याघ्र प्रकल्पाचे प्रवेशद्वार. पहाटे इथे जिप्सी गाड्यांची रांग लागते. वाघ पाहायला आलेल्या माणसांच्या तोंडून मराठी, हिंदी, इंग्रजीबरोबर आणखी कुठल्या भाषेचे चार शब्द कानावर पडतील याचा नेम नसतो. गावातले गाइड, गाडी चालवणारे, चहाची टपरी सांभाळणारे या सगळ्यांशी निभावून नेतात. वाघाचा माग दाखवायला बोटही पुरते.

पण या जंगलपट्ट्यात भाषेचा याहून कितीतरी अवघड प्रवास दरवर्षी जूनअखेरीस सुरू होतो आणि तो करणारा प्रवासी सहा वर्षांचा असतो. घरात आजी-आई गोंडी बोलतात, आणखी दक्षिणेला भामरागडकडे गेले तर माडिया. गावच्या वाटेवर आणि बाजारात झाडीबोली. आणि शाळेत पहिल्या दिवशी फळ्यावर उमटते ती पुण्या-मुंबईकडची प्रमाण मराठी. त्या मुलाने गाव सोडलेले नसते, घर बदललेले नसते. तरी शाळेचा उंबरा ओलांडला की तो परक्या देशात पोहोचतो. गुरुजी काय म्हणाले ते कळत नाही, बोलावे तर शेजारचा हसेल, म्हणून तो गप्प बसतो. मग कोणीतरी शेरा मारते की हा पोरगा मठ्ठ आहे.

माद्रिदच्या किंवा माँतेरेच्या शाळेत चौथीच्या वर्गात बसवलेल्या मराठी मुलाची अवस्था याहून वेगळी नसते. फरक इतकाच, की त्याला तिथे नेणारे आईबाप विमानाने गेलेले असतात आणि मूल गप्प झाले की त्यांना धक्का बसतो.

स्पॅनिश मुलखाची वाट

परदेश म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे वर्षानुवर्षे अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि आखात हेच येत राहिले. इंग्रजी येत असली की मुलांचे निभते, असा त्यामागचा हिशेब होता. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत नोकरीच्या वाटा बदलल्या. टाटा कन्सल्टन्सीने २००२ मध्ये उरुग्वेची राजधानी मोंतेव्हिदेओ येथे आपले केंद्र उघडले आणि पुढे मेक्सिकोतही भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांचे बस्तान बसले. म्हणजे ऊर्जानगरच्या किंवा भद्रावतीच्या आयुध निर्माणीच्या वसाहतीत वाढलेल्या, चंद्रपुरात किंवा नागपुरात इंजिनिअर झालेल्या मुलाला उद्या बार्सिलोनाचे किंवा ग्वादालाहाराचे बोलावणे आले, तर त्यात नवल राहिलेले नाही.

एकट्याने जाणाऱ्याचे फारसे अडत नाही. कचेरीत इंग्रजी चालते, संध्याकाळी फोनवर मराठी. अडते ते कुटुंबाचे. कारण शाळा इंग्रजीत चालत नाही. मोठ्या शहरांत इंग्रजी माध्यमाच्या आंतरराष्ट्रीय शाळा असतात, पण त्यांची फी कंपनी भरत नसेल तर ऐकूनच घाम फुटतो. उरते ती सरकारी किंवा गल्लीतली शाळा, आणि तिची भाषा स्पॅनिश.

वर्ध्याचे खानखोजे

या वाटेने फार पूर्वी गेलेला एक माणूस मात्र विदर्भातलाच होता. वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे स्वातंत्र्याच्या ध्यासाने तरुणपणीच देशाबाहेर पडले. जपानमार्गे ते अमेरिकेत पोहोचले, तिथे शेतीशास्त्र शिकले आणि गदर चळवळीत सामील झाले. पहिल्या महायुद्धात इराणच्या भूमीवर इंग्रजांविरुद्ध लढले. मायदेशाचे दरवाजे बंद झाले, तेव्हा १९२४ मध्ये त्यांनी मेक्सिको गाठले. मेक्सिकोत क्रांती नुकतीच होऊन गेली होती आणि जमीन कसणाऱ्याला शिकवणारी माणसे त्या देशाला हवी होती. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात खानखोजे प्राध्यापक झाले. मक्याच्या वाणांवर त्यांनी मूलभूत काम केले आणि शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा उभारल्या. डिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवरील आपल्या चित्रांत त्यांना जागा दिली आणि टीना मोदोत्ती यांनी त्यांच्या कामाची छायाचित्रे टिपली. वर्ध्याच्या माणसाने खेड्यातल्या मेक्सिकन शेतकऱ्याला मका कसा वाढवावा हे शिकवले, ते अर्थातच त्या शेतकऱ्याच्या भाषेत, म्हणजे स्पॅनिशमध्ये.

१९३६ मध्ये त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी लग्न केले. सावित्री आणि माया या दोन मुली मेक्सिकोत जन्मल्या आणि तिथेच वाढल्या. देश स्वतंत्र झाल्यावर तेव्हाच्या मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारच्या निमंत्रणावरून १९४९ मध्ये खानखोजे भारतात आले, तेव्हा काळ्या यादीतले त्यांचे नाव अजून पुरते पुसले गेले नव्हते. पुढे पन्नासच्या दशकात ते नागपुरात स्थायिक झाले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तिथेच वारले. २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला.

खानखोज्यांची क्रांतिकारक म्हणून आठवण निघते, कृषिशास्त्रज्ञ म्हणूनही अधूनमधून निघते. त्यांच्या घरातल्या भाषांकडे मात्र आपले लक्ष जात नाही. बापाची भाषा मराठी, आई बेल्जियन, अंगणाबाहेरचा मुलूख स्पॅनिश. बापाच्या गावाकडे परतायचे, तर बापाला जे परतणे वाटते तेच मुलींना परदेशी जाणे वाटणार. पुढे सावित्री साहनी यांनी वडिलांचे चरित्र लिहिले. ते इंग्रजीत आहे. मराठी वाचकाला खानखोजे सविस्तर भेटले ते वीणा गवाणकर यांनी लिहिलेल्या चरित्रातून. यात कोणाचाही दोष नाही. मराठी बोलणारे दुसरे घर शेजारी नसताना एकट्या बापाने ती भाषा मुलांत किती रुजवावी? आज सहकुटुंब निघालेल्या प्रत्येक मराठी घरापुढे हाच प्रश्न आहे.

गप्प बसण्याचे महिने

नव्या भाषेच्या शाळेत गेलेले मूल पहिले काही आठवडे, कधी काही महिने, जवळजवळ बोलत नाही. भाषाशिक्षणाचे अभ्यासक याला मौनाचा काळ म्हणतात. मूल ऐकत असते, साठवत असते. या काळात त्याला बोलते करण्याचा आग्रह धरला, पाहुण्यांसमोर 'जरा स्पॅनिश बोलून दाखव' म्हटले, की ते आणखी आत जाते.

मग एके दिवशी ते बोलू लागते. डबा खाताना, फुटबॉल खेळताना, भांडताना. आईबापांना वाटते, आले की! जिम कमिन्स या कॅनडातील अभ्यासकाने १९७९ मध्ये मांडलेला भेद इथे लक्षात ठेवायला हवा. मैदानावरची भाषा आणि पाठ्यपुस्तकाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गप्पांची भाषा मूल साधारण दोन वर्षांत आपलीशी करते. पण इतिहासाचा उतारा समजून त्याचे उत्तर लिहिणे, गणितातले शाब्दिक उदाहरण उलगडणे, यासाठी लागणाऱ्या भाषेत बरोबरीच्या मुलांना गाठायला पाच ते सात वर्षे लागतात. फडाफडा बोलणारे मूल परीक्षेत मागे पडले की ते आळशी झाले असा निष्कर्ष निघतो, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

वयाचाही यात मोठा वाटा आहे. सहा-सात वर्षांचे मूल उच्चार चटकन उचलते आणि तितक्याच चटकन मराठी विसरू लागते. नऊ ते अकरा हा त्यातल्या त्यात बरा काळ. मराठी वाचणे-लिहिणे पक्के झालेले असते आणि त्या पायावर दुसरी भाषा चढते. खरी कसोटी लागते तेरा-चौदाच्या मुलांची. शाळेची भाषा जड झालेली असते, मित्रांचे कंपू ठरलेले असतात आणि आपण वेगळे दिसतो, वेगळे बोलतो याची बोच सर्वांत तीव्र असते. आठवी-नववीतल्या मुलाला उचलून न्यायचे, तर एक वर्ष हातचे जाईल हे आधीच मान्य करून निघावे. ते वर्ष वाचवण्याच्या धडपडीत मुलाचा आत्मविश्वास गेला, तर तो परत मिळवणे महाग पडते.

गडचिरोलीचा अनुभव इथे उपयोगी पडावा. हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प १९७३ मध्ये सुरू झाला आणि १९७६ मध्ये तिथे शाळा उघडली. माडिया मुलांसाठी मराठी ही परकी भाषा होती. शिकवणाऱ्यांना आधी त्यांची बोली शिकावी लागली. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांची स्वतःची मुलेही त्याच शाळेत, माडिया मुलांच्या बरोबरीने शिकली. मूल नव्या भाषेत शिरते ते व्याकरणाच्या दारातून नव्हे, सवंगड्यांच्या दारातून, हे तिथे वेगळे सिद्ध करावे लागले नाही. परदेशातल्या घरानेही पहिल्या महिन्यातच शिकवणी शोधण्यापेक्षा शेजारचे एक खेळणारे मूल शोधावे.

मराठी कानाला स्पॅनिश

या अवघड वाटेवर एक सुखाची गोष्ट आहे, आणि ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. मराठी मुलाला स्पॅनिश बऱ्याच अंशी इंग्रजीहून सोपी जाते.

पहिले कारण उच्चाराचे. स्पॅनिश जवळजवळ जशी लिहिली तशी वाचली जाते. स्वर पाच, अ, ए, इ, ओ, उ, आणि ते जागच्या जागी राहतात. त आणि द दंत्य, अगदी आपल्यासारखे. 'ञ' हे अक्षर आपण बाराखडीत पाठ करतो आणि पुढे आयुष्यभर एकटे कधी वापरत नाही. 'नीन्यो' म्हणजे मूल, या शब्दात तो उच्चार रोज भेटतो. 'र' जिभेवर खेळवायचा असतो, ते तर आपल्या रक्तातच आहे.

दुसरे कारण वाक्याच्या घडणीचे. आपण 'मी जातो' म्हणायच्या ऐवजी नुसते 'जातो' म्हटले तरी चालते; क्रियापदावरूनच कर्ता कळतो. स्पॅनिशमध्येही 'वॉय' एवढेच पुरते. आणि आवडीनिवडीचे वाक्य तर थेट मराठी आहे. इंग्रजीत आपण आंबा 'आवडवून घेतो', तिथे 'मी' कर्ता असतो. मराठीत मला आंबा आवडतो आणि मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्याच्या मागे जाते. स्पॅनिशमध्ये तेच, 'मे गुस्ता एल मांगो' आणि 'मे गुस्तान लोस मांगोस'. जे वाक्य इंग्रज माणसाला महिनाभर छळते, ते वरोऱ्याच्या मुलीला पहिल्या दिवशी कळते. तू आणि तुम्ही यांतला भेदही तिथे आहे, 'तू' आणि 'उस्तेद'. त्यात 'तू' हा शब्द तर चक्क आपलाच वाटतो.

तिसरे कारण शब्दांचे. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण आणि पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर बरेच शब्द ठेवले. चावी, बादली, पगार, बटाटा ही त्यांचीच देणगी. स्पॅनिशमध्ये पैसे देणे म्हणजे 'पागार', बादली म्हणजे 'बाल्दे', किल्ली म्हणजे 'यावे'. मात्र बाजारात 'बटाटा' म्हणताना जपून. तिथे 'बाताता' म्हणजे रताळे. बटाट्याला स्पेनमध्ये 'पाताता' आणि लॅटिन अमेरिकेत 'पापा' म्हणतात.

अडचणी नाहीत असे नाही. आपल्या एका 'आहे'साठी तिथे दोन क्रियापदे आहेत, एक कायमच्या ओळखीसाठी आणि एक आजच्या स्थितीसाठी. नपुंसकलिंगी नामे नाहीत, त्यामुळे 'ते घर' स्त्रीलिंगी होऊन बसते. पण या अडचणी मुलांपेक्षा आईबापांनाच जास्त जाणवतात. या साम्याचा उपयोग घरी करता येतो. मुलाला मराठीतून स्पॅनिश समजावून सांगितली, की त्याला दोन गोष्टी कळतात. नवी भाषा तितकी भयंकर नाही, आणि आपली भाषा कमी नाही.

दाखले, गुण आणि नावाचा घोळ

आता थोडे कामाचे. स्पेनमध्ये सहा ते सोळा या वयात शाळा सक्तीची आणि सरकारी शाळेत शिक्षण मोफत आहे. सहा वर्षे प्राथमिक, मग चार वर्षे सक्तीचे माध्यमिक आणि पुढे दोन वर्षे बाचियेरातो, म्हणजे आपली अकरावी-बारावी. मुलाला वर्ग मिळतो तो जन्मवर्षानुसार. शाळा सप्टेंबरात उघडतात. मेक्सिकोत वर्ष ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते. चिली आणि अर्जेंटिना विषुववृत्ताच्या पलीकडे, तिथले ऋतू उलटे. शाळा मार्च ते डिसेंबर. विदर्भातली परीक्षा आटोपून मे-जूनमध्ये चिलीला पोहोचलेले मूल भर थंडीत, चालू वर्षाच्या मध्यावर वर्गात जाते. निघण्याचा महिना कंपनीच्या सोयीने ठरतो. जमल्यास तो शाळेच्या सोयीने ठरवून मागावा.

गुणांचे गणितही वेगळे. स्पेनमध्ये दहापैकी पाचला पास, मेक्सिकोत सहाला. चिलीत गुण एक ते सात आणि चारला पास. नव्वद टक्क्यांची सवय असलेल्या घरात पहिल्या प्रगतिपुस्तकावरचा 'सहा' पाहून रडारड होऊ नये, म्हणून हे आधी माहीत असलेले बरे.

आणखी एक गोष्ट बार्सिलोनाला जाणाऱ्यांनी गाठीशी बांधावी. ते शहर कातालोनिया प्रांतात आहे आणि तिथल्या शाळांची मुख्य भाषा कातालान आहे. आईबाप नागपुरात सहा महिने स्पॅनिशचा वर्ग करून जातात आणि मूल घरी येऊन तिसरीच भाषा बोलू लागते. नवख्या मुलांसाठी तिथल्या शाळांत स्वागतवर्ग असतात, त्यांचा फायदा जरूर घ्यावा. बास्क मुलूख, गालिसिया, वालेन्सिया इथेही स्थानिक भाषा शाळेत असते. महाराष्ट्रात राहून बेळगाव-सोलापूरकडची चार-चार भाषांची घरे पाहिलेल्या आपल्याला हे समजायला जड जाऊ नये.

कागदपत्रांत शाळा सोडल्याचा दाखला, प्रगतिपुस्तके आणि जन्मदाखला ही मुख्य. भारत २००५ पासून अपोस्टिल कराराचा सदस्य आहे. त्या शिक्क्याने स्पेन, मेक्सिको, अर्जेंटिना, चिली या देशांत कागद ग्राह्य धरला जातो. त्यानंतर अधिकृत अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर करून घ्यावे लागते. दाखला मराठीत असेल तर मराठीतून स्पॅनिश करणारा सापडणे कठीण, म्हणून शाळेकडून इंग्रजी प्रत निघण्यापूर्वीच मागून घ्यावी.

नावाचा घोळ तर हमखास होतो. स्पॅनिश माणसाला दोन आडनावे असतात, आधी वडिलांचे, मग आईचे. आपण लिहितो मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. तिथल्या कारकुनाने ते आपल्या पद्धतीने वाचले, तर वडिलांचे नाव मुलाचे पहिले आडनाव होऊन बसते आणि वर्गात हजेरीला तेच पुकारले जाते. पहिला अर्ज भरतानाच लक्ष घातले तर पुढचे हेलपाटे वाचतात.

घरातले छोटे दुभाषे

सहा-आठ महिन्यांनी घरात एक उलथापालथ होते. मुलांची भाषा आईबापांच्या पुढे जाते. दवाखान्यात डॉक्टर काय म्हणाले ते दहा वर्षांची मुलगी आईला सांगते. शाळेतून आलेली चिठ्ठी मुलगाच वाचून दाखवतो, आणि तक्रार त्याच्याविषयीची असेल तर हवी तेवढीच वाचतो. सुरुवातीला याचे कौतुक वाटते. पण मुलाच्या खांद्यावर मोठ्यांचे ओझे येते आणि आईचा घरातला अधिकार नकळत खाली सरकतो. वडील दिवसभर कचेरीत इंग्रजीत वावरतात. आई मात्र नवऱ्याच्या व्हिसावर, अनेकदा स्वतःची नोकरी सोडून आलेली, चार भिंतींत मुकी होते. म्हणून घरात भाषेच्या वर्गासाठी एकच फी भरणे परवडत असेल, तर ती आईची भरावी. मुले शाळेत आपोआप शिकतात.

जेवणाचे वेळापत्रकही बदलते. स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोन-तीनला आणि रात्रीचे नऊ-दहाला. शाकाहारी घराला शाळेच्या खानावळीत आधी सांगून ठेवावे लागते, कारण भाजीतही डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात. मेक्सिकोत मात्र आपल्याला घरच्यासारखे वाटते. चुन्याच्या निवळीत शिजवलेल्या मक्याची तोर्तिया तव्यावर फुगताना पाहिली की भाकर आठवते. सोबत घेवड्याची उसळ आणि मिरचीचा ठेचा. खानखोज्यांना तिथे पंचवीस-तीस वर्षे काढता आली, त्यात या ताटाचाही थोडा वाटा असावा.

शिक्षकांशी वागण्याची रीत बदलते. स्पेनमधली मुले बाईंना सर्रास पहिल्या नावाने आणि 'तू' म्हणून हाक मारतात. आपल्या मुलाची जीभ तिथे अडखळते. त्याला सांगावे, की तिथे तो उद्धटपणा नाही. मात्र आजोबांना फोन केला की 'तुम्ही'च म्हणायचे. दोन घरांच्या दोन रिती मूल सहज सांभाळते, फक्त कोणीतरी ते स्पष्ट सांगावे लागते.

गाव सोबत नसते तेव्हा

ताडोबाच्या पोटात पूर्वी सहा गावे होती. त्यांतल्या बोटेझरी, नवेगाव अशा गावांचे व्याघ्र प्रकल्पासाठी जंगलाबाहेर पुनर्वसन झाले. मोह, तेंदू, देवस्थाने, सगळे मागे राहिले आणि त्याचे दुःख लहान नव्हते. पण तिथल्या मुलांची एक गोष्ट शाबूत राहिली. शेजारी तेच, भांडणे तीच, बोली तीच. पूर्व बंगालमधून आलेली निर्वासित कुटुंबे साठच्या दशकापासून आजच्या चामोर्शी, मुलचेरा तालुक्यांत वसवली गेली. तीही गावेच्या गावे म्हणून वसली. त्यामुळे त्यांची मुले शाळा-बाजारात मराठी शिकली आणि घरात बंगाली टिकली. २०१९ मध्ये धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच सुरू केली, तीही गाव एकत्र होते म्हणून.

परदेशी जाणारे मराठी कुटुंब एकटे जाते. त्याच्यासोबत गाव नसते. लंडन किंवा न्यू जर्सीसारखी मराठी मंडळे आणि रविवारच्या शाळा स्पॅनिश मुलखात अभावानेच. म्हणून तिथे गावाचे काम घरालाच करावे लागते. जेवताना मराठी, झोपताना मराठी गोष्ट, आठवड्यातून एक पत्र आजीला, देवनागरीत. मुलाने स्पॅनिशमध्ये उत्तर दिले तरी रागवायचे नाही, आपण मराठीत बोलत राहायचे. बालभारतीची पुस्तके सामानात ठेवावीत. दोन किलो वजनाचा भार सोसावा. हे केवळ अस्मितेपोटी नाही. दोन-तीन वर्षांनी करार संपतो आणि घर परतते. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. तेव्हा आठवीत दाखल झालेल्या त्या मुलाला पुन्हा एकदा, आता स्वतःच्याच गावात, परदेशी व्हायचे नसेल, तर वाट घरानेच मोकळी ठेवली पाहिजे.

आणि परतल्यावर स्पॅनिशचेही तेच करावे. मुलाने इतक्या कष्टाने मिळवलेली भाषा 'आता इथे काय कामाची' म्हणून टाकून देणे म्हणजे त्याची ती वर्षे टाकून देणे. तिकडच्या मित्राला पत्र, फोन, एखादे पुस्तक, एवढ्यानेही ती जिवंत राहते.

निघण्याआधी एक काम मात्र फुकट आणि तातडीचे आहे. पासपोर्टच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी मुलांना समोर बसवून सांगावे, की आपण कुठे चाललो आहोत, किती वर्षांसाठी, तिथे सुरुवातीला काहीच कळणार नाही, आणि कळले नाही तरी आम्ही रागावणार नाही. मग त्यांना विचारावे, तुमचे काय म्हणणे आहे? निर्णय बदलेलच असे नाही. पण पुढचे सहा महिने वर्गात गप्प बसायचे आहे ते त्यांना, आईबापांना नाही. बसण्यापूर्वी एकदा मनातले बोलायला मिळाले, तर ते बसणे थोडे सोपे जाते.